मोरचूद बाजूला ठेवा, आधी तळ्यात काय काय पडतंय ते बघा

बेळगावातल्या अनगोळहून एकांनी प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनापण संदर्भ लागेल. घरामागं परड्यात जानेवारीत सिमेंटचं तळं बांधून घेतलंय, १० फूट बाय ८ फूट, अडीच फूट खोल, दिवसभर वर ऊन, लॉन अगदी काठापर्यंत, पाणी बोअरचं. त्यात १२ कोई आणि २० गोल्डफिश. मार्चपासून पाणी हिरवं व्हालंय, दोनदा सगळं उपसून ब्रशनं घासून परत भरलं तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच, आणि आता भिंतीला केसासारखं शेवाळपण धरलंय. खताच्या दुकानात सांगितलं की मूठभर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) फडक्यात बांधून सोडा, दोन दिवसांत काचेसारखं पाणी. घरात आई म्हणतात बुजवून टाका ते, डास होतात. तर मोरचूद टाकू का, आणि किती?

टाकू नका. आणि बुजवायची तर काहीच गरज नाही, आईंना सांगा गणपतीपर्यंत थांबा म्हणून.

मी बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात बरीच वर्षं बागा आणि असली घरगुती तळी करून देतो, नंतर सांभाळतोपण, आणि उन्हाळ्यात मला जे फोन येतात ते बहुतेक ह्याच कारणानं. प्रत्येकाला काहीतरी टाकायचं असतं. काय टाकू, किती टाकू. अहो पण तळ्यात आधीच इतकं काय काय पडालंय की त्याचंच शेवाळ झालंय, आता आणखी काय टाकताय. तळ्यात खाणं जास्त झालंय, ते खाणारी झाडं तिथं एकपण नाहीत, वर ऊन फुकटचं, मग शेवाळ येणार नाही तर काय. ते मारलं तरी खाणं पाण्यातच राहतं, उलट मेलेलं शेवाळ कुजून त्याचंच परत खत होतं आणि पुढची बॅच आधीपेक्षा जोरात येते. म्हणून माझं काम नेहमी हिशोबापासून सुरू होतं, आत काय जातंय आणि बाहेर काय निघतंय.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. काचेची बाटली भरून पाणी घ्या आणि तासभर सावलीत न हलवता ठेवा. तळाशी लालसर थर बसला आणि वरचं पाणी निवळलं तर ती आपल्याकडची लाल माती आहे, कोई तळ उकरतात त्यामुळं होतं, तो वेगळा विषय. पाणी तसंच हिरवं राहिलं तर ते तरंगणारं बारीक शेवाळ, डोळ्याला एकेक दिसत नाही पण लाखांनी असतं. दुसरं म्हणजे काठी घेऊन भिंतीजवळ फिरवा, केसाचा पुंजका काठीला लोंबकळत वर आला तर ते धाग्याचं शेवाळ. तुमच्याकडं दोन्ही आहेत असं दिसतंय आणि दोघांचं औषध थोडं वेगळं आहे. तिसरा एक प्रकार असतो, पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा निळसर हिरवा तवंग, काठीला न चिकटता नुसता रंग लागतो, कुबट वास येतो. हे खरं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. ह्यातल्या काही जाती विष सोडतात, कुत्रं किंवा जनावर ते पाणी प्यायलं तर जीवावर बेतू शकतं. तसला तवंग दिसला तर कुत्र्याला लांब ठेवा, ते पाणी भाजीला घालू नका, आणि औषध टाकून तो मारायला तर अजिबात जाऊ नका कारण पेशी फुटल्या की आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडं तो नाही.

आता मोरचूद. तुमच्या तळ्याचं आकारमान २०० घनफूट, घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण ५,६०० लिटर पाणी. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं आहे, पण त्याचा डोस पाण्याच्या अल्कलिनिटीवर ठरतो, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती आहेत त्यावर. मत्स्यशेतीतला नेहमीचा हिशोब असा की अल्कलिनिटीला १०० नं भागायचं, जो आकडा येईल तेवढे मिलिग्रॅम मोरचूद एका लिटरला. समजा तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी १०० आहे, तर लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या तळ्याला साडेपाच-सहा ग्रॅम. एक चहाचा चमचा. आणि दुकानदार सांगतोय मूठभर! मुठीत शंभर ग्रॅम सहज बसतं. हा माणूस वाईट नाही हो, तो द्राक्षबागवाल्यांना बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीसाठी मोरचूद विकतो, त्याचा अंदाज बागेचा आहे, माशांचा नाही.

त्यात आपल्या भागाची आणखी एक गंमत आहे. अथणी, चिकोडी, गोकाक बाजूला काळी माती, बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरे डाग पडतात, तिथं एखाद्यानं थोडं जास्त मोरचूद टाकलं तरी मासे कधी कधी निभावून जातात. पण खानापूर, जांबोटी, बेळगावचा पश्चिम भाग इथं लाल जांभ्याची माती आणि पाऊस भरपूर, पाणी बऱ्याचदा मऊ असतं. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचूद वापरायचंच नाही असा नियम आहे, कारण मऊ पाण्यात तांबं सरळ माशाच्या कल्ल्यावर बसतं. मग अथणीच्या पाहुण्यानं सांगितलेला डोस टिळकवाडीत चालत नाही, एवढं साधं गणित आहे. आणि जरी डोस बरोबर बसला तरी दोन दिवसांत सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. ३० डिग्रीच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर, म्हणजे आणखी थोडा कमी. मासे रात्रीत उलटे होतात आणि सकाळी लोक म्हणतात औषध खराब होतं. वर तांबं कुजत नाही, उडून जात नाही, तळाच्या गाळात बसून राहतं, आणि शेवाळ खाऊन जगणाऱ्या गोगलगाई आधी मरतात.

तेव्हा मोरचुदाची पुडी आणली असेल तर परत द्या किंवा कुणाच्या तरी बागेत द्या.

आता खरा हिशोब. सगळ्यात मोठा चोर तुमचं लॉन आहे असं मला वाटतंय, कारण ते काठापर्यंत आहे म्हणता. लॉनला काय घालता? बहुतेक घरी डीएपी किंवा सुफला हे रासायनिक खत असतं. डीएपीत ४६ टक्के स्फुरद लिहिलेलं असतं, पण ते ऑक्साइडच्या हिशोबात, निव्वळ फॉस्फरस धरला तर २० टक्के. म्हणजे ५० ग्रॅम डीएपी पाण्याबरोबर वाहून तळ्यात आलं तर १० ग्रॅम फॉस्फरस. एक ग्रॅम फॉस्फरसवर तीनशे ते पाचशे ग्रॅम ओलं शेवाळ पोसतं असा साधारण हिशोब आहे, म्हणजे अर्ध्या मुठीतून तीन ते पाच किलो. आता सांगा, तुम्ही ब्रशनं किती काढणार? काठापासून निदान तीन-चार फूट पट्टा तरी बिनखताचा ठेवा, जमलं तर तिथलं लॉन काढून जांभ्याची फरशी किंवा खडी टाका आणि तळ्याचा काठ चार-सहा इंच उचलून घ्या, छोटा कट्टाच करा म्हणा की, म्हणजे जमिनीवरचं पाणी आत येणार नाही. हे काम वळवाच्या आधी झालं पाहिजे. मे महिन्यात पहिला वळीव पडतो तेव्हा दोन महिन्यांची धूळ, पाला, गच्चीवरची घाण, पाखरांची विष्ठा सगळं एका तासात तळ्यात येतं आणि दुसऱ्या दिवसापासून कडक ऊन, त्या आठवड्यात जेवढी तळी हिरवी होतात तेवढी वर्षभरात होत नसतील. गच्चीचा पाइप जर तळ्याकडं सोडला असेल तर पहिले दोन-तीन पाऊस तो दुसरीकडं वळवा, छत धुऊन निघालं की मग आत घ्या, ते पाणी मात्र सोन्यासारखं.

दुसरं म्हणजे खाणं. कोई माणूस दिसला की तोंड वर काढतात, त्यामुळं घरातला प्रत्येकजण येता-जाता काहीतरी टाकतो. सकाळी आजोबा पेलेट टाकतात, दुपारी मुलं चपातीचे तुकडे, संध्याकाळी कोणीतरी चुरमुरे. बेळगावात चुरमुरे टाकत नाही असं तळं मी अजून बघितलं नाही. चुरमुरे, पाव, भात हे बंद करा, सरळ पाटी लावा. पेलेट दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच, आणि उरले तर जाळीनं काढून टाका. डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या. आणि आठवड्यातून एक दिवस उपास, कोईला काही होत नाही, भिंतीवरचं शेवाळ थोडं खातील तेवढंच.

मासे किती हा प्रश्न तुम्हाला आवडणार नाही पण सांगतो. ५,६०० लिटरला १२ कोई आणि २० गोल्डफिश हे फार झालं. आता ते चार-पाच इंचाचे असतील, पण कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि एका मोठ्या कोईला हजारेक लिटर तरी पाणी लागतं असं धरतात. चार-पाच कोई ठेवा, बाकीचे कुणाला तरी द्या ज्यांचं तळं मोठं आहे. पण कृपा करून किल्ला तलावात, मार्कंडेय नदीत किंवा नाल्यात सोडू नका, ते तिथले मासे नव्हेत, तळ उकरून ठेवतात. गोल्डफिश दहा-बारा राहू देत.

बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. अनगोळच्या बाजूला पूर्वी सगळी शेतंच होती, आणि शेतीच्या किंवा जुन्या सेप्टिक टँकच्या जवळच्या बोअरला नायट्रेट सापडतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तेवढं नायट्रेट शेवाळाला तर भरपूरच झालं. अॅक्वेरियमच्या दुकानात पट्ट्या मिळतात, एका पट्टीवर नायट्रेट, अल्कलिनिटी, पीएच सगळं कळतं. नायट्रेट जास्त निघालं तर भर घालायला शक्यतो पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. नळाचं म्हणजे आपल्याकडं राकसकोप किंवा हिडकल धरणाचं, त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते पिंपात एक-दोन दिवस उघडं ठेवून मग घाला, नाहीतर माशांना आणि फिल्टरच्या जिवाणूंना दोघांनाही त्रास.

पीएच बघताना एकदाच बघू नका. सकाळी सहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा. सकाळी पीएच ७.५ आणि दुपारी पीएच ९ च्या वर असं आलं तर ते शेवाळाचं काम, दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पीएच चढतो आणि रात्री उतरतो. दोन्ही वेळेला नऊच्या वरच राहिला तर सिमेंटचा चुना अजून सुटतोय. जानेवारीत बांधून लगेच भरलं असेल तर तो संशय घ्यायला जागा आहे, जरी दोनदा उपसल्यामुळं बराच चुना गेला असेल. नवीन हौद असला की आपल्याकडं जुने लोक केळीचा खुंट तुकडे करून टाकून दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवतात आणि मग उपसतात, ती पद्धत चांगली आहे, पण मासे सोडायच्या आधी. आता मासे आत असताना खुंट बिंट टाकू नका, कुजेल. पीएच चढलेला असताना माशांच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो हे पण लक्षात ठेवा, दुपारी मासे सुस्त दिसले तर कारण हेच असू शकतं.

आणि उपसणं बंद करा. लोकांना वाटतं उपसलं की स्वच्छ. तुम्ही उपसून घासलं तेव्हा भिंतीवरचा गिळगिळीत थर गेला, त्या थरातच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात, ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हिरवं पाणी खाणारे डॅफ्निया म्हणजे पाण्यातले ते बारीक उड्या मारणारे किडे, तेपण गेले. मग नवीन बोअरचं पाणी, नवीन नायट्रेट, कोरी भिंत, वर ऊन. शेवाळाला ह्याच्यापेक्षा चांगलं स्वागत कोण करणार. भिंतीला मखमलीसारखा आखूड हिरवा थर असतो तो राहू दे, तो तुमच्या बाजूचा आहे. लांब केस तेवढे काढा, खराट्याची काडी किंवा खडबडीत काठी घालून शेवया गुंडाळतात तसं गोल फिरवायचं, सगळा पुंजका काठीवर येतो. काढलेलं काठावर टाकून ठेवू नका, पावसानं परत आत जातं, नारळाच्या आळ्यात टाका, चांगलं खत आहे. पाणी बदलायचं तर आठवड्याला १० टक्के, म्हणजे साधारण साडेपाचशे लिटर, तेपण वरचं नको, पाइप लावून तळाचा गाळ ओढत काढायचं आणि चिकूला, पेरूला सोडायचं. हे पाणी बागेला इतकं मानवतं की तुम्हाला डीएपी आणावंच लागणार नाही, म्हणजे एक चोर आपोआप गेला.

आता बाहेर काय काढायचं त्याबद्दल, आणि हाच माझ्या आवडीचा भाग आहे. झाडं. पाण्याचा निम्मा ते साठ टक्के भाग पानांनी झाकला पाहिजे. कुमुदिनीचे तीन-चार कंद लावा, गावातल्या तळ्यातल्यापण चालतात पण आणताना नीट धुऊन घ्या. रुंद टबात शेतातली चिकट माती भरा, शेणखत अजिबात मिसळू नका, कंद लावून वर दोन इंच खडी पसरा नाहीतर कोई एका रात्रीत सगळं उकरून ठेवतील. सुरुवातीला टब विटांवर उंच ठेवा, पान वर आलं की हळूहळू खाली. कमळ लावायचं असलं तर त्याला ऊन जास्त लागतं, तुमच्याकडं ते आहे, पण ते फार पसरतं, एवढ्या तळ्यात मी कुमुदिनीच लावतो.

कुमुदिनी वाढेपर्यंत दोन महिने जाणार, तोपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट पश्चिमेच्या बाजूनं बांधा, दुपारी बारा ते चारचं ऊन अडवलं तरी पुष्कळ. पुढं तिथं मांडव करून दोडका किंवा कृष्णकमळ चढवता येईल, फक्त पानगळ काढत बसावी लागेल. अझोला पण चालतो, आपल्याकडं जनावरं ठेवणारे लोक करतातच, तो नत्र हवेतून घेतो आणि स्फुरद पाण्यातून, म्हणजे आपल्याला पाहिजे तेच. पण काढत राहिलं पाहिजे. आठवड्याला दोनदा टोपली भरून काढा, कोंबड्यांना घाला, गाईला घाला, शेजाऱ्याला द्या, नाही काढला तर आठ-दहा दिवसांत अख्खं तळं झाकून टाकतो आणि खालचा ऑक्सिजन संपतो. जलपर्णी आणू नका. कोण फुकट देतो म्हणाला तरी आणू नका. पंचगंगेत काय झालंय ते आपण सगळे बघतोच, एक तुकडा गटारातून नाल्यात गेला की झालं.

काठाला पाण्यात पाय बुडवून कर्दळ, वेखंड, आळू. कर्दळीसारखी खादाड वनस्पती दुसरी नाही. मी प्रत्येक तळ्याला एक पिंप लावतो, ते कसं करायचं ते सांगतो, खर्च फार नाही. २०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप घ्या, आधी त्यात केमिकल नव्हतं एवढं बघून. वरून एक तृतीयांश कापून टाका. तळापर्यंत जाईल असा दीड इंची पीव्हीसी पाइप मधोमध उभा ठेवा, खालच्या टोकाला चार-सहा भोकं पाडा. मग तळाला ४० एमएम खडी सात-आठ इंच, त्यावर २० एमएम, आणि वरच्या थराला जांभ्याचे लिंबाएवढे तुकडे. जांभा का, तर त्यात लोह आणि अॅल्युमिनियम असतं ते फॉस्फेट धरून ठेवतं, आणि आपल्याकडं चिरा फोडताना पडलेले तुकडे कुठंही मिळतात. पण लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा, हे न धुता टाकलं तर तळं चहासारखं दिसतंय. आयुष्यभर धरून ठेवत नाही तो, वर्ष-दीड वर्षानं तुकडे बदला आणि जुने बागेत टाका. वरच्या थरात कर्दळीचे तीन-चार कंद आणि थोडं वेखंड खोचा, माती घालायची नाही. तळ्यात तासाला ३,००० लिटरचा पंप ठेवा, त्याचं पाणी उभ्या पाइपातून पिंपाच्या तळाला जाऊ दे, खालून वर चढत खडीतून, जांभ्यातून, मुळांतून येऊन वरच्या कडेच्या तोटीतून परत तळ्यात पडू दे. ते पडतं तिथं हवापण मिसळते. पंपाच्या डब्यावर जो आकडा असतो तो उंची नसतानाचा, तीन-चार फूट चढवलं की कमी होतो, तरी तुमचं पाणी दोन-तीन तासांत एकदा फिरेल, तेवढं चालतं.

हा पंप चोवीस तास चालू राहिला पाहिजे. रात्री बंद करतात लोक, बिल येतं म्हणून, आणि नेमका रात्रीच ऑक्सिजन कमी असतो कारण अंधारात शेवाळपण श्वास घेतं. पहाटे पाचला मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळंच. करंट सहा-सात तास गेला असेल तर परत चालू करताना पहिलं पिंपभर पाणी बागेत सोडा, आतले जिवाणू हवेविना मेलेले असतात आणि ते पाणी घाण वास मारतं. कर्दळ महिन्यातून एकदा कापा, जुने दांडे मुळापासून, आणि तळ्यापासून लांब कंपोस्टला टाका. झाड वाढून तिथंच कुजलं तर काय उपयोग, खाल्लेलं सगळं परत दिलं.

यूव्हीबद्दल, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याबद्दल पण लोक विचारतात. चालतो, पण फक्त तरंगणाऱ्या शेवाळावर, कारण पाणी त्याच्यातून जाताना पेशी मरून गोळा होतात आणि फिल्टरला अडकतात. भिंतीवरचे केस तिथंच बसलेले असतात, ते काय यूव्हीतून जायला येत नाहीत. तुमच्या तळ्याला १५-१८ वॅटचा पुरतो. वर्षभर चालला की ट्यूब जळत असली तरी तिची ताकद गेलेली असते, बदलावी लागते, आणि जड पाण्यात काचेच्या नळीवर चुना चढतो तो व्हिनेगरनं काढायचा. मी आधी झाडं आणि पिंप लावून सहा आठवडे बघतो, मगच यूव्हीचं बोलतो. बहुतेकांना लागत नाही.

तुरटी मऊ पाण्यात पीएच पाडते, नको. ब्लीचिंग पावडर तर नावच काढू नका. जिवाणूंच्या बाटल्या मिळतात बाजारात, नुकसान काही नाही, पण पिंप नसताना त्या ओतून उपयोग नाही, राहणार कुठं ते जिवाणू. इंग्लंडमध्ये बार्लीचं काड टाकतात, त्यावर तिथं कामपण झालंय, ते हळूहळू कुजताना नवीन शेवाळ येऊ देत नाही, असलेलं मारत नाही. ते वाचून आपल्याकडं एकानं भाताचं पिंजर दोन पेंढ्या तळ्यात टाकलं होतं, चार दिवसांत गटारासारखा वास. असलं करू नका.

मत्स्यखात्याची माहितीपत्रकं वाचून पण गोंधळ होतो. शेततळ्यात रोहू-कटला करणारे मुद्दाम शेण आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी हिरवं करतात, कारण त्यांच्या माशांना ते खाणं आहे. हात पाण्यात सरळ घालून तळवा कोपरापर्यंत दिसला तर त्यांना ठीक वाटतं. तुम्हाला पण सुरुवातीला तीच परीक्षा घेता येईल: आज तळवा मनगटापर्यंत पाणी आलं की दिसेनासा होत असेल, पिंप लावल्यावर तीन-चार आठवड्यांत कोपरापर्यंत दिसायला पाहिजे, आणि गणपतीच्या सुमाराला तळ दिसायला पाहिजे. मध्ये एकदा पाणी परत हिरवं होईल, बहुतेक वळवानंतर, तेव्हा घाबरून उपसायला जाऊ नका. जून लागला की ढग, थंडावा, पाऊस, शेवाळ आपोआप मंदावतं, तेवढ्यात झाडांना मूळ धरायला वेळ मिळतो. खरी परीक्षा ऑक्टोबर हीटला.

गणपतीवरून आठवलं, घरचा गणपती ह्या तळ्यात विसर्जन करायचा मोह होतो, हल्ली बरेच जण करतात. शाडूचा असला तरी नको. माती तळाला बसते, हार, दुर्वा, फुलं कुजतात, आणि मूर्तीचा रंग माशांच्या पोटात. वेगळ्या टबात करा आणि ती माती नंतर कुंडीला वापरा, नाहीतर विसर्जनाला कपिलेश्वरच्या तलावाला जा सगळ्यांबरोबर.

डासांचं आईंना सांगा की गोल्डफिश अळ्या खातात, मासे असलेल्या आणि हलत्या पाण्यात डास वाढत नाहीत. केसाळ शेवाळाचा गालिचा काठाला साचला की मात्र त्याच्यात अळ्या लपतात, मासे पोचत नाहीत, म्हणून काठीनं काढत राहा. वाटलं तर पिंपाच्या वरच्या पाण्यात चार गप्पी सोडा, आरोग्य खातं विहिरीत सोडतं तेच. परड्यातले डास बहुतेक वेळा तळ्यातले नसतातच, कुंड्यांखालच्या बशा आणि जुना टायर बघा आधी.

आणि पंप लावताना इलेक्ट्रिशियनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच लावायला सांगा, प्लग जमिनीपासून दोन-तीन फूट वर आणि झाकणाचा. तरीपण पाण्यात हात घालायच्या आधी पंप बंद करायची सवय मुलांसकट सगळ्यांना लावा.